सहाव्या रात्रीचा कागद

सासूबाई पाचव्या दिवशीच आल्या नंदगडला,
बैलहोंगलच्या लाल बसमधून. पिशवीत गोकाकचा करदंट,
विभूतीची वडी, रेशमी दोऱ्यात बांधलेलं चिमुकलं लिंग,
आणि कुणाच्या तरी वहीतून फाडलेला एक कोरा कागद.

"आमच्यात पाचव्या रात्री येते शेटगेव्वा," म्हणाल्या.
"आमच्यात सहाव्या," आई म्हणाली. "सटवाई."
दोघी शेगडीच्या दोन अंगांना बसल्या.
मधे बाजेवर मी, टाके सांभाळत एका कुशीवर,
आणि ती, अडीच किलोची,
जिला अजून आईचाही पत्ता नीटसा लागला नव्हता.

लग्नातही असंच झालं होतं.
अंतरपाट धरायचा की नाही यात दोन महिने गेले.
शेवटी धरला. जंगमस्वामी गालात हसले,
आणि मामांचा हात अवघडेपर्यंत
ईरण्णा पलीकडून टाचा उंचावून बघत राहिला.

या वेळी लवकर मिटलं. कागद एकच,
दोन रात्री ठेवायचा. जी येईल ती लिहील.
कुणी वाचायचा नाही, एवढं मात्र दोघींना मान्य.

मला म्हणाल तर
देव कुणाकडचाच आठवत नव्हता.
दूध उतरत नव्हतं. ओवा झाला, शेपा झाल्या,
अळिवाची खीर झाली, शेजारच्या काकूंची नजर काढणंही झालं.
ती रडायची तेव्हा मी हात जोडायचे
ते तिच्यापुढंच. बाई, आता पुरे की.
सासूबाई मला बाणंती म्हणतात, आई बाळंतीण.
तसा एकच शब्द, घरी येईपर्यंत जरा झिजलेला.
आरशात मात्र दोन्हीतली कुणीच दिसत नव्हती.

सहाव्या रात्री ईरण्णा आला,
उद्यमबागेतली दुसरी पाळी संपवून, मोटारसायकलवर,
कानात वारा, नखांत फौंड्रीची काळी वाळू.
मोरीत तीनदा हात धुतले,
तरी तिला घेताना कोपरांवरच घेतली,
ताजा ओतलेला साचा धरावा तशी.
"कूस हाल कुडीतेनु?" विचारलं. प्याली का?
मी म्हटलं, कुणास ठाऊक. मोजतंय कोण.
आणि रडलो. आमच्याकडं बायकाही
रडलो म्हणतात, आलो म्हणतात, थकलो म्हणतात.
तो काही बोलला नाही.
उशाशी समई होती. मी झोपलो.

सकाळी आई किंचाळलीच,
"अगं बाई! सटवाईच्या कागदावर!"

हळदी-कुंकवाच्या बोटांखाली
ईरण्णाचं अक्षर, वाकडं, शाई मधेच वाळलेली.
दोन वाजता, उजवं, सहा मिनिटं.
साडेतीन, डावं. मधेच झोपली, तळवा चोळला.
लंगोट ओला. परत ओला.
पाच वाजता, उजवं, चौदा मिनिटं, ढेकर.
डॉक्टरीणबाईंनी खानापुरात सांगितलं होतं, लिहून ठेवा.
मी विसरलो होतो. तो नव्हता.
आकडे कानडी. त्याचा दोन माझ्या दोनासारखाच,
पाच मात्र अनोळखी, गुंतवळासारखा.
म्हणजे रात्रभर मला उठवून, धरून,
त्यानंच लावलं होतं तिला. मला नुसती
कुणाच्या तरी खरबरीत हाताची आठवण होती
आणि वाटलं होतं, स्वप्नात आहे.

आई कपाळाला हात लावून उभी.
आता नशीब लिहायचं कुठं तिनं?
सासूबाईंनी चष्मा लावला. कुणी वाचायचा नाही
हे विसरून मोठ्यानं वाचला, ढेकरेपर्यंत.
मग घडी घातली, भस्माचं बोट ओढलं,
आणि म्हणाल्या, "बरदाळ."

लिहिलंन तिनं.
कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. आईनंही विचारलं नाही,
नुसता करदंटाचा तुकडा मोडून
जावयाच्या हातावर ठेवला.
तो उभ्या उभ्या झोपत होता.

ती परत चुळबुळली तेव्हा
मी कागद मागून घेतला, पेन घेतलं,
आणि खाली, माझ्या अक्षरात:
सहा दहा. डावं. दूध
ओठाच्या कोपऱ्यातून सांडलं.